मोहीम मोरचादरीच्या वाट्याची

श्रीसिद्धेश्वरचरणीं मस्तक ठेवोन, आणि गिरणीच्या भोंग्यास दुरूनच मुजरा करोन, शके अठराशे शहाण्णव, आनंदनाम संवत्सरीं, शहर सोलापूर येथें चादरीच्या मुलखांत जें रण माजलें त्याची हकीकत यथास्थित लिहिली जाते. या रणांत तोफ उडाली नाहीं, घोडा पडला नाहीं, आणि रक्त म्हणाल तर गठ्ठा सोडतांना एका हमालाच्या अंगठ्यास तार लागली तितकेंच निघालें. परंतु जे लढले त्यांची इभ्रत, भाकरी आणि डोळे पणास लागले होते, म्हणोन दप्तरीं दाखल करणें अवश्य जाहलें. थोरांच्या लढायांस लिहिणारे पुष्कळ मिळतात, आणि ते बिदागीही घेतात. ही लढाई फुकट लिहिली आहे, हें वाचणारांनीं ध्यानीं ठेवावें.

त्या समयीं सोलापुरीं पूर्वभागांत श्रीमंत सूतधुरंधर चादरबहाद्दर सिद्धलिंगप्पा मंद्रूपकर यांचा अंमल चालत होता. मुलूख म्हणजे एक पत्र्याची शेड, फौज म्हणजे तींतले माग, आणि खजिना म्हणजे गादीखालचा डबा. परंतु रुबाब ऐसा कीं श्रीमंत सकाळीं विभूती लावून गादीवर बसले म्हणजे माग आपोआप खडखडूं लागतात, ऐसें निदान त्यांचें स्वतःचें मत होतें. वास्तविक माग हें जनावर अक्कलशून्य. त्याच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या पत्त्यांची लांबच लांब माळ टांगलेली असते, आणि पत्त्यास जेथें भोक तेथील धागा उचलतो, भोक नाहीं तेथील धागा निजून राहतो, मग आडवा धागा ओढीत धोटा आरपार जातो, आणि पुढला पत्ता फिरून समोर येतो. ऐसे पत्त्यामागून पत्ते फिरतां फिरतां कापडावर फूल उमटतें, वेल चढते, हत्ती चालूं लागतो. भोक हाच हुकूम, आणि मागाची सारी बुद्धी त्या भोकांत. ती बुद्धी पाडणारा इसम रामहरी, मूळ गांव माढ्याकडचें, हुद्दा पंचिंगवाला, बैठक शेडीच्या उत्तर कोपऱ्यांत, जेथें उजेड बरा आणि वारा मुळींच नाहीं. त्याचे शेजारीं बजाबाई. रामहरीनें पाडलेले पत्ते दोरीनें ओवून त्यांची माळ करावी ही तिची कामगिरी. ही बाई बोले थोडें आणि पाही फार.

आतां मोर कैसा जन्मास आला तें ऐकावें. दुष्काळ सरोन लग्नसराई पुन्हां उभी राहिली होती, आणि श्रीमंतांचा हुकूम सुटला कीं रुखवतावर मांडतां येईल ऐसी एक चादर काढावी, फुलापानांस लोक कंटाळले. रामहरीनें लहानपणीं शाळू राखतांना मोर हाकलले होते. मोर पुढून कैसा दिसतो हें त्यास नीटसें ठाऊकच नव्हतें, पळतां पळतां मान वळवून रागें पाहणारा मोर तेवढा ठाऊक. म्हणोन त्यानें चौकटींच्या कागदावर तोच काढिला, पाठमोरा, पिसारा अर्धाच उघडलेला, मान मागें वळलेली, आणि नजरेंत ऐसा तोरा कीं पाहणाऱ्यानेंच त्याचें कणीस चोरलें असावें. मग एक एक चौकट पाहोन भोकें पाडीत बसला, आणि बजाबाईनें माळ ओविली, आणि माळ मागावर चढली, आणि मोर कापडावर उतरला. मागल्या पायाचें एक बोट मात्र उतरावयाचें राहोन गेलें. पुढल्या पायास चार बोटें, मागल्यास तीन. हें ध्यानीं आलें तेव्हां चादरी बाजारांत पोहोंचल्या होत्या, आणि गिऱ्हाइकांनीं मोराची बोटें मोजण्याची चाल नव्हती, म्हणोन तें तैसेंच राहिलें. रामहरीस पत्त्यामागें ठरलेली मजुरी पावली, आणि वर खिल्लत म्हणोन एक नारळ आणि एक टॉवेल. तो खूश जाहला होता, खोटें कां बोला.

मग तो मोर जो सुटला तो कोणास आवरेना. विजापूर घेतलें, गुलबर्गा घेतलें, हैदराबादेस ठाणें बसविलें, आणि नवऱ्या मुलींच्या मावशा दुकानांत येऊन मागें बघणारा मोरच दाखवा, दुसरें कांहीं उलगडूं नका, ऐसें बजावूं लागल्या. श्रीमंतांनीं माग वाढविले, शेडीस दुसरी शेड जोडिली, आणि फिक्या निळ्या रंगाची एक स्कूटर खरेदी करोन तिजवर स्वारी काढूं लागले, पुढें स्वतः आणि मागें सुताचा गठ्ठा. रामहरीचा कोपरा होता तेथेंच राहिला. त्यास टॉवेल होता.

येथें पोटांतली गोष्ट सांगणें प्राप्त आहे. रामहरीचे डोळे अधू होत चालले होते. चौकटींचा कागद पाहतां पाहतां दोन रेघांची एक होई, एकीच्या दोन होत, आणि दुपार टळली म्हणजे सारा कागद ताकासारखा पांढरा दिसे. सारजाबाई, त्याची बायको, हिनें एके दिवशीं सुई ओवावयास दिली, तों यानें दोरा सुईच्या शेजारून नेला आणि ओवला म्हणोन परत दिली. तिनें सुईकडे पाहिलें, मग नवऱ्याकडे पाहिलें, आणि घरचा हुकूम काढिला कीं, ‘उद्या दवाखान्यात जाऊन डोळं दावा.’ रामहरीनें उजूर केला तो ऐसा कीं, ‘नाकावर चष्मा आला म्हंजी पंचिंगवाला सपला, सारजा. मालक दुसऱ्या दिवशी दुसरा बघंल.’ आणि ही भीति कांहीं पोकळ नव्हती, पेठेंत चष्मेवाल्या पंचिंगवाल्यास कोणी काम देत नसे. त्यास दुःख हें कीं मोर वर्षानुवर्षें निघत राहील, चादरी खपत राहतील, आणि आपण गांवाकडे दुसऱ्याच्या बांधावर बसून दिसेनाशा डोळ्यांनीं पांखरें हाकलूं. हें मनीं येई तेव्हां जेवण गोड लागत नसे.

ऐशा समयीं सारजाबाईचे बंधू रावजी मुंबईहून आले. हे एका विमा कचेरींत शिपाई, पण सोलापुरीं उतरले म्हणजे साहेबाच्या खालोखाल आपणच ऐसा त्यांचा थाट. त्यांनीं जेवतां जेवतां बातमी फोडिली कीं, ‘आमच्या हापिसात कपाटायेवडं यंत्र आणलंय. ते बी पत्तंच खातंय, दाजी, तुमच्यावानी भोकाचं पत्तं. त्याला हुकूम लिवून देणारी माणसं हायती, त्यांना थंडगार खोली, फिरती खुर्ची अन् लई मोठा पगार.’ रामहरीनें घांस हातांतच ठेवोन विचारिलें कीं यंत्र जें कमावतें त्यांत त्या माणसांस वाटा मिळतो काय. रावजींनीं डोकें खाजविलें आणि कळविलें कीं, ‘वाटा न्हाय मिळत. पर मागत्यात म्हनं.’ या एका वाक्यानें ठिणगी पडली. मागतां येतें हेंच रामहरीस तोंवर माहीत नव्हतें.

मग त्यानें इस्त्रीचा सदरा चढविला, आणि चांगला वार पाहोन हुजूर जाऊन अर्ज गुदरला कीं, ‘मालक, मोराच्या एका चादरीमागं पाच पैसं मला द्यावं. चादर खपली तर द्या, न्हाय खपली तर नगं. मोर निघंल तवर द्या.’ बजाबाईनें दोरी ओढतां ओढतां हात थांबविला. श्रीमंतांनीं चहाची बशी खालीं ठेविली, आणि रागावले नाहीत, हीच तर खरी भीतीची गोष्ट. त्यांनीं प्रेमानें फर्माविलें कीं, ‘रामहरी, गवंडी घर बांधतो, मजुरी घेतो आणि जातो. पुढं त्या घराचं भाडं येतं. त्यात वाटा मागायला गवंडी येतो का?’ रामहरीनें प्रामाणिकपणें सांगितलें कीं येत नाहीं. तेव्हां दुसरा तोफगोळा आला कीं, ‘सूत मी उधारीवर आणतो. चादर पडून राहिली तर गठ्ठे माझ्या उरावर. तवा तू येशील का तोट्यात वाटा घ्यायला?’ रामहरीपाशीं याही गोष्टीस जबाब नव्हता. मग तो मुजरा करोन मागें सरला, आणि मोहिमेची पहिली लढाई एका घटकेंत बुडाली.

जबाब सुचला तो घरीं, दुसरी भाकरी मोडतांना. घर एकदांच बांधून होतें आणि एकच राहतें, मोर मात्र दर चादरीस नवा निघतो. गवंड्याच्या एका घरांतून रोज नवें घर निघूं लागलें तर तोही येईल कीं वाटा मागावयास. हें त्यानें सारजाबाईपुढें फारच जोरांत मांडिलें, आणि सारजाबाई पूर्णपणें पराभूत जाहली. परंतु ती मालक नव्हती. दुसरे दिवशीं सदरेंत जाऊन पुन्हां बोलण्याची छाती होईना, म्हणोन रामहरीनें एवढेंच कळविलें कीं यापुढें नवी नक्षी पाडणें तहकूब. श्रीमंतांनीं उत्तर पाठविलें कीं, ‘राहू दे की. आपला मोर हाय.’ आणि पाठोपाठ कोपऱ्यांतला दिवा काढोन गादीवर टांगण्याचा हुकूम सुटला. रामहरी जुने फाटके पत्ते सांधीत अंधारांत बसून राहिला.

ऐसा वेढा चालला असतां, दसरा उलटोन दिवाळी तोंडावर आली, आणि परचक्र आलें. श्रीमंतांचे साडू चन्नवीर, ज्यांचा कारखाना पलीकडल्या गल्लींत, यांनीं मोर बाजारांत उतरविला. तीच पाठ, तोच अर्धा पिसारा, तीच वळलेली मान, आणि किंमत दोन रुपयांनीं कमी. पेठेंत ही रीतच होती कीं खपणारी चादर रोख पैसे टाकून विकत घ्यावी, भिंग लावून तिचे धागे मोजावे, आणि त्याबरहुकूम पत्ते पाडून घ्यावे. श्रीमंतांनींही तरुणपणीं ऐसे दोनचार हत्ती आणिले होते. परंतु दुसऱ्याचा हत्ती आणणें आणि आपला मोर जाणें यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. मावशा चन्नवीरांच्या दुकानीं वळल्या, गठ्ठे शेडींत साचूं लागले, आणि श्रीमंत स्कूटरची किक मारमारून थकले, कारण संतापाच्या भरांत चावी लावावयाचेंच विसरले होते.

आतां या मुलखांत कोर्टकचेरी करण्याची चाल नाहीं. सर्व माग सुतावर चालतात, सर्व सूत उधारीवर येतें, आणि उधारी देणें न देणें शरणम्मांच्या हातीं. या बाई सुताच्या मोठ्या व्यापारीण, विधवा, वयोवृद्ध, अक्कलकोटकडच्या. त्यांस सारी पेठ अव्वा म्हणे. त्यांनीं सूत बंद केलें तर श्रीमंत सिद्धलिंगप्पांची फौज चार दिवसांत मुकी होई, आणि चन्नवीरांचीही. म्हणोन तंटा त्यांच्या वखारींत नेण्याचें ठरलें. पुरावा म्हणोन चादर पाहिजे आणि पत्त्यांची माळही पाहिजे, ऐसी मसलत होऊन रामहरी आणि बजाबाई यांस माळ उचलून बरोबर चालण्याची आज्ञा जाहली. पुढें श्रीमंत, मागें डोक्यावर पत्त्यांचें ओझें घेतलेलीं दोघें, ऐसी ही फौज पेठेंतून निघाली तेव्हां पानवाल्यानें कुचेष्टेनें सलाम केला.

वखारींत सुताच्या गठ्ठ्यांवर दरबार भरला. अव्वांनीं ‘कूडरी, बसा’ म्हणोन गठ्ठे दाखविले, दोन्ही साडूंस एकाच गठ्ठ्यावर बसविलें, आणि श्रीमंतांस लहानपणीं ज्या नांवानें हाक मारीत त्याच नांवानें पुकारून आज्ञा केली कीं, ‘सिद्ध्या, बोल.’ श्रीमंत बोलले, आणि रामहरी कान टवकारून ऐकत राहिला, कारण जें बोललें जात होतें तें त्यास ओळखीचें वाटत होतें. फिर्याद ऐसी कीं मोर माझ्या कारखान्याचा, तो चन्नवीरानें फुकट उचलला, सबब चन्नवीर जितक्या मोरचादरी काढील तितक्यांवर चादरीमागें दहा पैसे मला मिळावे. चन्नवीरांनीं हंसोन जबाब दिला कीं, ‘अव्वा, फुकट कुटलं? मी बाजारातनं रोख पैसं देऊन चादर घेतली, हिशेब तितंच मिटला. शेजाऱ्याचं घर बघून मी तसंच घर बांधलं, तर शेजारी भाडं मागायला येतो का?’

हें ऐकतांच श्रीमंत गठ्ठ्यावरून उठले. घर हा शब्द त्यांचे वर्मीं लागला. त्यांनीं सारी वखार ऐकेल ऐशा आवाजांत फर्माविलें कीं, ‘घराचं काय सांगतोस? घर एकदा बांधलं की सपलं. चादर रोज निघती, रोज नवी, अन् दर चादरीला तोच मोर राबतो. कापडाचं पैसं तू दिलंस. त्या कापडात जे डोकं हाय त्याचं कुटं दिलंस?’ बजाबाईनें डोक्यावरला पदर सारखा केला आणि रामहरीकडे पाहिलें. रामहरीचें तोंड उघडेंच राहिलें होतें.

अव्वांनीं मान हालविली, आणि मग कायद्याचा पेंच काढिला कीं मोर तर देवानें सर्वांस दिला आहे, चन्नवीराचा मोर सिद्धलिंगाच्याच मोरावरून काढिला यास पुरावा काय. चन्नवीरही लगेच उलटले कीं त्यांच्या पंचिंगवाल्यानें मोर आपल्या मनानें काढिला. तेव्हां श्रीमंतांनीं दोन्ही चादरी जमिनीवर पसरल्या, गुडघ्यांवर बसले, आणि बोट ठेवोन मोजून दाखविलें कीं माझ्या मोरास मागल्या पायाला बोटें तीन आणि पुढल्याला चार. याच्याही मोरास मागल्या पायाला तीन आणि पुढल्याला चार. भिंग लावणारानें मोठ्या इमानानें चूकसुद्धां उतरवून घेतली होती. चन्नवीर वांकून पाहूं लागले, आणि पाहतां पाहतां त्यांचा चेहरा उतरला. अव्वाही वांकल्या, त्यांनींही बोटें मोजिलीं, आणि मग कंबर सरळ करोन सवाल टाकिला कीं, ‘ही चूक मुळात कुणाची?’

सवाल साधा होता, परंतु रामहरीस तो अवघड. बोट कां राहिलें हें त्यास एकट्यास ठाऊक. ती दुपार त्यास आठवत होती, कागद पांढरा जाहला होता आणि त्यानें अंदाजानें भोकें पाडिलीं होतीं. आतां चूक माझी म्हणावें तर पुढला सवाल चूक कैसी जाहली हा येणार, आणि मालकासमोर, चन्नवीरासमोर, अवघ्या पेठेसमोर डोळ्यांचें गुपित फुटणार. न म्हणावें तर मोर बेवारस ठरून ज्याच्या त्याच्या मागावर नाचणार. त्यास रडूं येण्याच्या बेतांत होतें. तरी तो दोन पावलें पुढें जाहला, हात जोडले, आणि बोलता जाहला कीं, ‘अव्वा, ती चूक...’ इतक्यांत मागून आवाज आला.

‘माजी हाय,’ ऐसें बजाबाई म्हणाली. ‘पत्तं म्या ओवत्ये. दोन पत्तं मागंफुडं ओवलं, बोट तुटलं. ह्यांनी भोकं बराबर पाडली हुती.’

वखारींत कुजबुज जाहली. एरवीं माळ चुकविणारीस श्रीमंतांनीं उभ्या उभ्या घरीं पाठविलें असतें, परंतु त्या समयीं ही चूक म्हणजे त्यांचा सरसेनापति होता. त्यांनीं मोठ्या अभिमानानें जाहीर केलें कीं ऐकलें काय, चूक माझ्याच कारखान्यांतली आहे, आणि ती यापुढें कोणी दुरुस्त करूं नये. चन्नवीरांनीं हात जोडून कबुली दिली आणि चादरीमागें दहा पैसे मान्य केले. श्रीमंतांनीं जेत्याच्या दिमाखानें मिशीवरून हात फिरविला. फत्ते जाहली ऐसें त्यांस वाटलें, आणि चहा मागविण्याचा हुकूमही झाला.

परंतु अव्वा उठल्या नव्हत्या. त्यांनीं सुताचा एक धागा चिमटींत धरून, जणूं कांहीं विशेष नाहीं ऐशा सुरांत चौकशी केली कीं, ‘सिद्ध्या, चन्नवीरानं चादरीचे रोख पैसे दिले तरी दर चादरीला वाटा द्यायचा. हौदु?’ श्रीमंतांनीं होकार दिला, हौदु, अव्वा. ‘कारण मोर रोज नवा निघतो. हौदु?’ श्रीमंत म्हणाले हौदु. ‘मग तू रामहरीला दर चादरीला काय देतोस?’

आतां श्रीमंत पेंचांत सापडले. मजुरी दिली म्हणावें, तर पैसे चन्नवीरानेंही दिलेच होते, रोख. गवंडी म्हणावा, तर गवंड्याचा निकाल आपल्याच तोंडानें आत्तांच लागला होता. चन्नवीरांस यांत फार गंमत वाटूं लागली आणि त्यांनीं मोठ्या आपुलकीनें विचारिलें कीं, ‘दाजी, सांगा की, किती देता?’ श्रीमंतांनीं शेवटचा बुरुज लढवून पाहिला कीं, ‘अव्वा, माग माझे, उधारी माझी, बुडालो तर मी बुडतो. हा काय घालतो?’ अव्वांनीं हें म्हणणें खोटें ठरविलें नाहीं, उलट सूत किती उधार आहे तें त्यांसच सर्वांत नीट ठाऊक होतें. म्हणोन त्यांनीं निवाडा केला तो दोन्ही बाजूंस धरून केला. चन्नवीर जे दहा पैसे देईल त्यांतले पांच सिद्धलिंगाचे, कारण जोखीम त्याची. पांच रामहरीचे, कारण डोकें त्याचें. आणि सिद्धलिंग आपल्या मागावर जी मोरचादर काढील ती खपल्यावर तिच्यामागेंही पांच पैसे रामहरीस द्यावे. मुदत विचारली गेली तेव्हां अव्वांनीं रामहरीच्या चेहऱ्याकडे अंमळ निरखून पाहिलें, आणि हुकूम केला कीं, ‘ह्याचा हात चालंल तवर न्हवं. मोर चालंल तवर.’

रामहरीस तेथेंच रडूं फुटलें. त्यानें टॉवेलानें तोंड पुसलें आणि अव्वांचे पाय धरले. श्रीमंतांचा चेहरा पाहण्याजोगा जाहला होता, तरी ते व्यापारी जातिवंत. त्यांनीं मनांतल्या मनांत हिशेब केला कीं चन्नवीरानें मोर फुकट काढण्यापेक्षां हें बरें, आणि शिवाय रामहरी आतां नवी नक्षी पाडील. मग तहनामा लिहिला गेला, सह्या जाहल्या, आणि चहा आला तो दोन्ही साडूंनीं एकाच किटलींतला घेतला. गादीवर नेलेला दिवा पुन्हां आपल्या कोपऱ्यांत टांगण्याचें कलम रामहरीनें धीर करोन शेवटीं घालून घेतलें.

येथें बखर संपावयाची. परंतु जें घडलें तें लपविणें हा लिहिणाऱ्याचा धर्म नव्हे. श्रीमंत स्कूटरवर पुढें गेले, आणि रामहरी व बजाबाई माळ घेऊन पायीं निघालीं. रामहरी जमिनीपासून चार बोटें वर चालत होता. त्यानें उद्यां उजळ माथ्यानें चष्मा आणण्याचा बेत सांगितला, सारजाबाईस लुगडें घेण्याचा बेत सांगितला, आणि मग उदार मनानें म्हणाला कीं, ‘बजाक्का, तुमची चूक बराबर कामाला आली बगा.’

बजाबाईनें ओझें एका ओट्यावर उतरविलें. मग तिनें शांतपणें सांगितलें कीं, ‘माळ बराबर हाय, दादा. पत्त्यावर आकडं असत्यात, एकाफुडं एक ओवायचं, त्यात काय चुकायचं? चौथ्या बोटाची भोकं तुमीच पाडली न्हाईत. म्या ओवतानाच बगितलं.’ ती पुढें म्हणाली, ‘तवा बोलले असते तर तुमचं डोळं मालकाला कळलं असतं. आज बी तुमी बोलला असता तर कळलं असतं.’ आणि दोरीची गांठ आवळतां आवळतां तिनें आपला अर्ज गुदरला कीं, ‘तुमच्या पाच पैशातला एक माजा. पत्तं पाडून ढीग घातला तर मोर हुतो व्हय? ओवल्यावर हुतो.’

आतां इतिहासांत ऐसें पुष्कळदां घडलें आहे, आणि थोरांचें घडलें आहे, म्हणोन रामहरीस फार दोष देऊं नये. त्यानें वाटा मिळवून अर्धी घटका जाहली होती, आणि त्याचे तोंडून शब्द आले ते ऐसे कीं, ‘तुमाला ओवण्याची मजुरी मिळाली न्हवं? गवंडी घर बांधतो...’

एवढें बोलून तो थांबला. बजाबाई नुसती त्याच्याकडे पाहत राहिली, आणि त्यास आपला आवाज हुबेहूब सिद्धलिंगप्पांसारखा ऐकूं आला. लाज वाटली, फारच वाटली. मग त्यानें माळ स्वतःच्या डोक्यावर घेतली, आणि तीं दोघें आल्या वाटेनें वखारीकडे परत फिरलीं. अव्वा कुलूप लावीत होत्या. रामहरीनें त्यांस कुलूप काढावयास लाविलें, तहनामा पुन्हां उलगडविला, आणि खालीं एक कलम वाढविण्याची विनंति केली.

येणेंप्रमाणें शके अठराशे शहाण्णव, आनंदनाम संवत्सर, आश्विन वद्य पक्षीं मोरचादरीची मोहीम फत्ते जाहली. सिद्धलिंगप्पा मंद्रूपकर यांचा मुलूख त्यांजकडेच राहिला, चन्नवीर खंडणी देते जाहले, रामहरीस वाटा बहाल जाहला, आणि त्या वाट्यांतला पांचवा हिस्सा बजाबाईकडे मोर चालेल तोंवर चालावा ऐसें ठरलें. त्या कलमाखालीं रामहरीनें कागद नाकाशीं धरून सही केली. बजाबाईस अक्षरें येत नव्हतीं, पण आकडे येत होते, म्हणोन तिनें कागद हातीं घेऊन त्यांतला एकाचा आकडा स्वतः पाहिला, आणि मगच अव्वांस कुलूप लावूं दिलें.